७५० मीटरवर १६० डेसिबल: उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्या आणि बुडबुड्यांचा पडदा

पवनचक्की फिरताना किती आवाज करते, यावर जमिनीवर भरपूर भांडणं झाली आहेत. समुद्रात मात्र खरा गोंगाट चक्कीचं पातं फिरायच्या कितीतरी आधी होऊन जातो. पोलादाचा एक पोकळ खांब, व्यास सहा-आठ मीटर, समुद्रतळात कित्येक मीटर खोल रुतवायचा असतो. वरून हायड्रॉलिक हातोडा घाव घालत राहतो. दर एक-दोन सेकंदांनी एक घाव, असे काही हजार घाव, तेव्हा कुठे एक खांब पक्का होतो. अशा ऐंशी खांबांचं एक पवनक्षेत्र, आणि तशी अनेक पवनक्षेत्रं एकाच उपसागरात.

हे प्रकरण जर्मनीच्या वाट्याला आलेल्या उत्तर समुद्राचं आहे. कोळसा आणि अणुऊर्जा सोडायची म्हणून वाऱ्याकडे वळलेल्या देशाला आपल्या स्वच्छ विजेचा पायाच पाण्याखाली भयंकर आवाज करतो, हे उमगलं. त्यावर त्याने एक आकडा ठरवला आणि तो आकडा पाळण्यासाठी लागणारं तंत्र नंतर घडवलं. पर्यावरणाच्या कामात ध्वनिशास्त्र काय करू शकतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तरीही हे प्रकरण सरळसोट यशाचं नाही, आणि म्हणूनच ते मुळापासून पाहण्यासारखं आहे.

ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो प्राणी

हार्बर पॉरपॉईज म्हणजे डॉल्फिनचा बुटका, लाजाळू भाऊबंद. लांबी दीड मीटरच्या आसपास, वजन पन्नास-साठ किलो. उड्या मारत नाही, बोटीमागे धावत नाही, म्हणून पर्यटकांच्या फोटोत फारसा येत नाही. थंड पाण्यात राहणारा इतका लहान सस्तन प्राणी शरीराची ऊब टिकवण्यासाठी जवळजवळ अखंड खात असतो. डेन्मार्कच्या पाण्यात अंगावर नोंदयंत्रं बसवून केलेल्या एका अभ्यासात, २०१६ साली, एकेक पॉरपॉईज तासाला साडेपाचशेपर्यंत लहान मासे पकडायचा प्रयत्न करतो आणि दहापैकी नऊ वेळा तो साधतो, असं दिसलं. अशा प्राण्याला काही तास आपल्या जागेवरून हुसकावणं म्हणजे काय, हे या आकड्यावरून ध्यानात येतं. त्याच्याकडे पोट भरून निवांत बसण्याची सोयच नाही.

आणि हे सगळं तो कानाने करतो. कपाळातून १३० किलोहर्ट्झच्या आसपासचे, माणसाला ऐकू न येणारे अतिशय आखूड टिकटिकाट सोडायचे आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे ते ओळखायचं. त्याचा कान गेला तर मासा पकडायचं त्याचं साधनच गेलं.

युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाने या प्राण्याला कडक संरक्षण दिलेलं आहे. जर्मन निसर्गसंरक्षण कायदाही अशा प्राण्याला इजा करायला आणि मोठ्या प्रमाणावर त्रास द्यायला मनाई करतो. पण ‘इजा’ म्हणजे किती डेसिबल? कायद्यात ते नव्हतं. असणार तरी कसं?

आकडा आला कुठून

डेन्मार्कमधल्या केर्टेमिंदे इथल्या सागरी केंद्रात आयगिल नावाचा एक पॉरपॉईज होता. संशोधकांनी त्याच्या डोक्यावर चोषकाने चिकटणारे विद्युतसंवेदक लावले. आवाज ऐकल्यावर मेंदूकडून येणारा सूक्ष्म विद्युत प्रतिसाद मोजून त्याला किती ऐकू येतं ते ठरवलं. मग बोटीवरच्या एअरगनमधून, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडून धमाका करणाऱ्या यंत्रातून, एकेक धमाका केला. आधी दूरून, मग हळूहळू जवळून. प्रत्येक धमाक्यानंतर पुन्हा श्रवणचाचणी. एका टप्प्यावर ४ किलोहर्ट्झच्या आवाजाला त्याचा कान तात्पुरता बधिर झाला. त्या वेळी एका धमाक्याची ध्वनिऊर्जा, म्हणजे ध्वनिसंपर्क पातळी, १६४ डेसिबल होती. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे थोडं थांबून डेसिबलबद्दल सांगतो, कारण या विषयावरच्या बातम्यांत हमखास घोटाळा होतो. पाण्यातला १६० डेसिबल आणि हवेतला १६० डेसिबल यांचा मेळ घालायचा नसतो. हवेत मोजणी २० मायक्रोपास्कलच्या तुलनेत होते, पाण्यात १ मायक्रोपास्कलच्या. नुसत्या या फरकाने आकडा २६ डेसिबलने वाढतो. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट, त्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, त्यामुळे तेवढ्याच दाबामागची ऊर्जा वेगळी असते. ‘जेट विमानापेक्षा मोठा आवाज’ अशी तुलना पाण्याखालच्या डेसिबलला लावलेली दिसली की पुढचं वाचताना जरा सावध राहिलेलं बरं. दुसरी गोष्ट, ध्वनिसंपर्क पातळी म्हणजे एका क्षणाचा दाब नव्हे. संपूर्ण घावाची ऊर्जा त्यात जमा केलेली असते. कानाला होणारी इजा बऱ्याच अंशी या जमा झालेल्या ऊर्जेवर अवलंबून असते, म्हणून मापन असं करतात.

जर्मनीत समुद्री पवनक्षेत्रांना परवाने देणारी संघीय संस्था, बीएसएच, हिने परवान्यांत अट घातली: खांबापासून ७५० मीटरवर एका घावाची ध्वनिसंपर्क पातळी १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि शिखरपातळी, म्हणजे घावातला क्षणिक कमाल दाब, १९० डेसिबलच्या वर. आयगिलवरचं मापन या मर्यादेचा शास्त्रीय आधार म्हणून सांगितलं जातं. बंदिस्त तळ्यातला एक प्राणी, आणि त्याच्यावरून एका देशाचं धोरण? आक्षेप रास्त आहे. एका प्राण्याच्या कानावरून सगळ्या जातीचा अंदाज बांधणं शास्त्राला कधीच पुरेसं वाटत नाही. पण पर्याय काय होता, तेही पाहा. ‘आवाज शक्य तितका कमी ठेवावा’ अशी अट घातली असती तर प्रत्येक कंपनीने आपापलं ‘शक्य तितकं’ ठरवलं असतं. आकडा अपुरा असला तरी तो मोजता येतो आणि मोडला तर पकडता येतो.

समुद्रात प्रत्यक्षात किती आवाज होत होता

त्या वेळच्या मोजणीत, आवाज कमी करण्याचा कुठलाही उपाय न करता, मोठ्या खांबांच्या घावांचा आवाज ७५० मीटरवर साधारण १७० ते १८० डेसिबलच्या दरम्यान येत असे. म्हणजे मर्यादेच्या दहा ते वीस डेसिबल वर. डेसिबल ही लॉगरिथमची मोजपट्टी असल्यामुळे दहा डेसिबल कमी करणं म्हणजे ऊर्जा दहावा हिस्सा करणं आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरावा. दहा टक्के कमी आवाजाचा हातोडा आणून हे होणारं काम नव्हतं.

बोर्कुम बेटाच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर आल्फा व्हेंटुस हे जर्मनीचं पहिलं समुद्री पवनक्षेत्र उभं राहिलं. बारा चक्क्या, प्रत्येकी ५ मेगावॉट, पाण्याची खोली तीस मीटरच्या आसपास. २००९ मध्ये तिथे पायाभरणी सुरू झाली तेव्हा संशोधकांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. विमानातून प्राणी मोजले आणि पाण्याखाली टिकटिकाट टिपणारी यंत्रं ठेवली. ही यंत्रं सगळा आवाज साठवत नाहीत. ती फक्त पॉरपॉईजच्या आवाजासारख्या टिकटिकाटांची नोंद ठेवतात, म्हणून महिनोन्‌महिने समुद्रतळावर राहू शकतात. घाव सुरू असताना सुमारे वीस किलोमीटरच्या परिघात पॉरपॉईज जवळपास दिसेनासे झाले. आणखी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. त्याहून लांब, २५ आणि ५० किलोमीटरवरच्या यंत्रांत नोंदी उलट वाढल्या. पळून गेलेले तिथे जमा झाले असावेत. म्हणजे त्या बारा चक्क्यांचा धक्का प्रत्यक्ष आवाजाच्याही पलीकडे पोहोचत होता.

नुसत्या यंत्रांवर विसंबता येत नाही, याचं कारणही इथेच सांगायला हवं. टिकटिकाट थांबला याचा अर्थ प्राणी गेला असाच होत नाही. तो तिथेच असेल आणि गप्प बसला असेल. म्हणून विमानातली डोळ्यांची मोजणी आणि पाण्याखालची कानांची मोजणी जुळली, तेव्हाच निष्कर्षाला वजन आलं. शेजारच्या डेन्मार्कमध्ये हॉर्न्स रेव्ह २ च्या खांबांवर २००८ मध्ये केलेल्या अभ्यासातही परिणाम सुमारे १८ किलोमीटरपर्यंत दिसला होता, आणि अगदी जवळच्या टप्प्यात घाव थांबल्यावरही एक ते तीन दिवस प्राणी परतले नव्हते.

खांब वाजतो कसा

उपाय समजून घ्यायचा तर आधी आवाज कुठून निघतो ते पाहावं लागेल. मला स्वतःला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

हातोडा खांबाच्या डोक्यावर आदळतो तेव्हा पोलाद दाबलं जातं आणि दाबलेली वस्तू बाजूला फुगते. ही फुगवट खांबातून खाली धावत जाते, सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर वेगाने. भोवतीच्या पाण्यात ध्वनीचा वेग दीड हजार. म्हणजे फुगवट पाण्यातल्या ध्वनीच्या तिप्पटहून अधिक वेगाने उतरते, आणि ध्वनीपेक्षा वेगवान विमानामागे जसा शंकूच्या आकाराचा धक्का तयार होतो तसाच इथे खांबाभोवती तयार होतो. हा तरंग आडव्यापासून सतराएक अंशांनी कलून बाहेर पडतो. फुगवट खालच्या टोकाला पोहोचली की परत वर उसळते आणि वर जाताना पुन्हा तसाच शंकू सोडते, या वेळी उलटा. अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये हे गणित आणि मापन दोन्ही मांडून दाखवलं.

या वर्णनातून दोन गोष्टी निघतात. एक, आवाज खांबाच्या संपूर्ण उंचीतून निघतो, फक्त डोक्यातून नाही. हातोड्याला गादी बांधून भागणार नाही. दोन, खांबाचा बराच भाग जमिनीत आहे, म्हणजे शंकूचा एक हिस्सा वाळूत शिरतो, तिथून थोडं अंतर कापतो आणि पुन्हा पाण्यात निघतो. खांबाला चिकटून कितीही जाड पडदा लावला तरी जमिनीखालून आलेला हा आवाज पडद्याच्या पलीकडे उगवणार. प्रकरणाचं पुढचं सगळं वळण या वाळूतल्या चोरवाटेमुळे आलं.

बुडबुडे

पाण्यात थोडी हवा मिसळली की काय होतं, हे समजायला जुनं गणित पुरतं. मिश्रणाची घनता जवळपास पाण्याएवढीच राहते, पण ते हवेसारखं सहज दाबलं जातं. परिणाम विलक्षण असतो. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात अवघी एक टक्का हवा असेल तर ध्वनीचा वेग दीड हजारावरून सव्वाशे मीटरच्या आसपास कोसळतो. म्हणजे नुसत्या हवेतल्या ३४० मीटरपेक्षाही कमी! पाणी आणि हवा, दोन्हींपेक्षा संथ असं मिश्रण. अशा थराला आवाज भिडला की मोठा भाग परत फिरतो, काही भाग थरात अडकून विरतो.

शिवाय प्रत्येक बुडबुड्याचा आपला सूर असतो. हवा म्हणजे स्प्रिंग, भोवतीचं पाणी म्हणजे वजन. पृष्ठभागाजवळ एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३.३ किलोहर्ट्झला घुमतो, हे १९३३ मध्ये मिनार्ट या शास्त्रज्ञाने मांडलं. त्या सुराचा आवाज आला की बुडबुडा जोरात थरथरतो आणि ऊर्जा खातो. घावाची बहुतेक ऊर्जा मात्र काहीशे हर्ट्झमध्ये असते. म्हणजे तिला नेमकं गिळायला सेंटिमीटरभर त्रिज्येचे बुडबुडे हवेत, आणि तेवढे मोठे बुडबुडे वर येता येता फुटतात. म्हणून बुडबुड्यांचा पडदा वरच्या पट्टीत, हजार हर्ट्झच्या पुढे, झकास काम करतो आणि खालच्या पट्टीत जेमतेम. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कल्पना नवी नव्हती. हाँगकाँगजवळ नव्वदच्या दशकात खांब ठोकताना बुडबुड्यांचा पडदा वापरून पाहिला होता आणि तीन ते पाच डेसिबल कमी झाले होते. उत्तर समुद्रात हे अवघड होतं, कारण तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह जोरकस. साधा हिशोब करा: तळातून निघालेल्या बुडबुड्याला वर यायला एक मिनिट लागलं आणि प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असला, तर वर येईपर्यंत तो तीस मीटर वाहून गेलेला असतो. आल्फा व्हेंटुसला खांबाच्या जवळ लावलेला छोटा पडदा असाच वाहून गेला. प्रवाहाच्या दिशेला आवाज चांगला घटला, उलट दिशेला जवळपास घटलाच नाही. एका बाजूला उघडा राहिलेला पडदा.

मोठं वर्तुळ हाच उपाय होता. छिद्रं पाडलेली नळी खांबापासून दूर, समुद्रतळावर गोल अंथरायची, जहाजावरच्या कॉम्प्रेसरमधून तिच्यात हवा भरायची आणि बुडबुड्यांची भिंत उभी करायची. वर्तुळ मोठं म्हणजे प्रवाहाने भिंत कलली तरी खांब आतच राहतो. आणि वाळूतून चोरवाटेने आलेला आवाज बहुतांशी वर्तुळाच्या आतच पाण्यात निघतो, म्हणजे त्यालाही भिंत ओलांडावी लागते. सिल्ट बेटापासून ऐंशी किलोमीटरवरच्या फिनो ३ या संशोधन-मनोऱ्याचा खांब २००८ मध्ये ठोकताना हा मोठा पडदा वापरून पाहिला आणि सुमारे बारा डेसिबल कमी झाले. बोर्कुम वेस्ट २ या चाळीस चक्क्यांच्या क्षेत्रात तो पहिल्यांदा व्यापारी कामात ओळीने वापरला गेला, २०११-१२ मध्ये. तिथल्या अभ्यासात प्राण्यांना त्रास होणारं क्षेत्र सुमारे नव्वद टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आकडा अविश्वसनीय वाटतो, पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने बदलतं हे आठवा. त्रिज्या एक तृतीयांश झाली की क्षेत्र एक नवमांश होतं.

कष्ट मात्र भरपूर. नळी वाळूने बुजते. छिद्रांचं अंतर चुकलं तर भिंतीत भगदाड पडतं. कॉम्प्रेसर समुद्रात तेल न सोडणारे हवेत. पडद्यासाठी वेगळं जहाज लागतं, आणि ते इंधन जाळतं. पण २०१४ नंतर जर्मन पाण्यात मर्यादा बहुतांशी पाळली जाऊ लागली. कधी दुहेरी पडदा, कधी पडदा अधिक खांबाभोवतीची दुहेरी भिंतीची पोलादी नळी, कधी फेसगोळ्यांचं जाळं. मर्यादा ठरली तेव्हा यातलं एकही साधन बाजारात तयार नव्हतं. परवान्यात आकडा लिहिला म्हणून ते घडलं, असं माझं मत आहे. तंत्र तयार झाल्यावर नियम करू म्हणून थांबले असते तर अजून थांबलेच असते.

जे अपेक्षेप्रमाणे झालं नाही

सिल्टच्या पश्चिमेला सत्तर किलोमीटरवर डानटिस्क हे ऐंशी चक्क्यांचं क्षेत्र २०१३ मध्ये उभं राहत होतं, पॉरपॉईजच्या पिल्लांसाठी महत्त्वाच्या संरक्षित पट्ट्याला लागून. तिथे दोन पडदे एकत्र लावले तेव्हा आवाज बारा डेसिबलच्या आसपास घटला आणि त्रासाचा परीघ बारा किलोमीटरपर्यंत आला. चांगलं. पण अभ्यासकांना आणखी काही दिसलं.

खांब ठोकायच्या आधी प्राण्यांना जवळून हाकलायचं, म्हणजे पहिल्या घावाने कुणाचा कान जाऊ नये, अशी पद्धत होती. त्यासाठी सील पळवण्याचं यंत्र वापरायचे. मत्स्यशेतीत सील दूर ठेवण्यासाठी बनवलेलं, १४ किलोहर्ट्झच्या आसपास कर्कश वाजणारं. घावांचा आवाज पडद्याने कमी झाल्यावर प्राण्यांना जास्त पळवत होतं ते हे संरक्षणाचं यंत्रच. आधीच्या एका अभ्यासात ते साडेसात किलोमीटरपर्यंत पॉरपॉईज हलवतं असं आढळलं होतं. म्हणजे पडद्याने जे मिळवलं त्यातला काही भाग भोंग्याने घालवला. पुढे त्याच्या जागी पॉरपॉईजच्या श्रवणासाठी बेतलेलं, कमी अंतरावर परिणाम करणारं उपकरण आलं.

मग २०१४ ते २०१६ मधल्या बांधकामांची एकत्रित छाननी झाली. पडदे सुधारले होते, आवाज आणखी घटला होता, मर्यादा पाळली जात होती. तरीही प्राणी ज्या अंतरापर्यंत दूर जात होते ते अंतर त्या प्रमाणात घटलं नव्हतं. आधीच्या वर्षांच्या विश्लेषणातही घाव सुरू व्हायच्या कित्येक तास आधीच नोंदी कमी होताना दिसल्या होत्या. जहाजांची ये-जा, नांगर, कॉम्प्रेसर, भोंगे. प्राण्याला एकटा घाव ऐकू येत नाही, सगळी वर्दळ ऐकू येते.

इथे मघाची गोष्ट लागते. १६० डेसिबल ही सगळ्या पट्ट्यांची मिळून एकच बेरीज आहे, आणि त्या बेरजेत खालच्या पट्टीचं वर्चस्व. पॉरपॉईजचा कान मात्र शंभर किलोहर्ट्झच्या पुढे सर्वात तल्लख आणि काहीशे हर्ट्झला बराच बधिर. बुडबुड्यांनी वरच्या पट्टीत जे भरघोस कापलं ते या बेरजेत नीट दिसतच नाही. म्हणजे पडदा प्राण्याच्या कानाला आकड्यापेक्षा जास्त मदत करत असेल, आणि एखादा दुसरा उपाय आकडा पाळूनही कमी मदत करत असेल. अमेरिकेच्या सागरी संस्थेने २०१६ पासून प्रत्येक प्राणीगटाच्या श्रवणानुसार आवाज तोलून मोजायची पद्धत आणली. २०१६ च्या त्या पद्धतीत पॉरपॉईजच्या गटाला तात्पुरत्या बधिरतेची सीमा १४० डेसिबल होती, पण ते तोललेले डेसिबल. १६० शी त्यांची सरळ वजाबाकी करू नये. जर्मनीची मर्यादा अजूनही न तोललेली. माझ्या मते दोन्ही आकडे सोबत छापायला काही हरकत नाही. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, तोच आणि ध्वनिमुद्रण तेच, फक्त हिशोब दोनदा करायचा.

२०१३ मध्ये जर्मन पर्यावरण मंत्रालयाने इजेच्या जोडीला त्रासाचीही सीमा घातली. प्रत्येक ठोकणीभोवती आठ किलोमीटर त्रिज्येचा परीघ त्रासाचा धरायचा आणि उत्तर समुद्रातल्या जर्मन आर्थिक क्षेत्राच्या दहा टक्क्यांहून जास्त भाग एकाच वेळी अशा परिघांखाली येऊ द्यायचा नाही. मे ते ऑगस्ट, पिल्लांच्या दिवसांत, संरक्षित क्षेत्रांसाठी ही सीमा एक टक्का. म्हणजे कोणत्या पवनक्षेत्राने कधी ठोकायचं, याचं वेळापत्रक आता ध्वनीच्या नकाशावर ठरू लागलं. एका मोनोपाइलला, म्हणजे चक्कीच्या एकट्या मोठ्या खांबाला, प्राणी दूर करण्याच्या वेळेसकट १८० मिनिटांची मुदत असते. डेसिबल कमी केले पण दिवसभर ठोकत बसले, तर काय उपयोग?

शेजारच्या बाल्टिक समुद्रात ऑगस्ट २०१९ मध्ये जे झालं त्याच्याशी तुलना केली तर या नियमाची किंमत कळते. फेहमार्न पट्ट्यातल्या संरक्षित क्षेत्रात दुसऱ्या महायुद्धातले ४२ ब्रिटिश पाणसुरुंग चार दिवसांत स्फोट करून नष्ट केले गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत किनाऱ्यावर आलेल्या मृत पॉरपॉईजपैकी अनेकांच्या कानाच्या हाडांत आणि भोवतीच्या ऊतींत स्फोटाच्या जखमा सापडल्या. त्याच देशात, तेच प्राणी, तेच ज्ञान उपलब्ध. फक्त पवनऊर्जेच्या परवान्यासारखी अट तिथे कामाला आली नाही.

खांब नव्हे, तर घावच बदलला तर

आता खांब मोठे होत चाललेत. आठ-दहा मीटर व्यास नवलाचा राहिलेला नाही, आणि जर्मनीने कायद्यात लिहिलेलं ध्येय २०३० पर्यंत ३० गिगावॉट समुद्री पवनऊर्जेचं आहे. व्यास वाढला की घावाचा आवाज वाढतो आणि खालच्या पट्टीकडे सरकतो, म्हणजे नेमका तिकडे, जिथे बुडबुडे कमजोर. दुहेरी पडद्यालाही हद्द आहे.

म्हणून दुसऱ्या वाटा धुंडाळल्या जात आहेत. बोर्कुम रिफग्रुंड १ मध्ये २०१४ साली एक चक्की चोषक-पायावर उभी केली. उलट्या बादलीतून पाणी उपसून ती तळात ओढून घ्यायची, हातोडाच नाही. पुढच्या बोर्कुम रिफग्रुंड २ मध्ये अशा वीस उभ्या राहिल्या. पण प्रत्येक तळाला हे चालत नाही. २०२२ मध्ये हेल्गोलांडजवळच्या कास्कासी क्षेत्रात काही खांब हातोड्याऐवजी कंपनयंत्राने, थरथरवत, पूर्ण खोलीपर्यंत उतरवले.

आणि तिथे जुना आकडा अडतो. १६० डेसिबल म्हणजे एका घावाची ऊर्जा. कंपनात घाव नसतातच, सलग गुणगुण असते, कदाचित तासभर. एका घावाची ऊर्जा म्हणजे मग काय मोजायचं? एका सेकंदाची, एका मिनिटाची, की पूर्ण खांबाची? सलग आवाजाला पॉरपॉईज घावासारखाच बिचकतो, की सरावतो, की गप्प राहून जास्त वेळ सोसतो? हातोड्याच्या ठोक्यावर बेतलेली नोंदीची आणि मापनाची पद्धत, २०१७ चं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा, घावांच्या आवाजासाठीच लिहिलेली आहे. ७५० मीटरवर हायड्रोफोन तसाच टांगता येईल. त्याच्या नोंदीतला कोणता आकडा परवान्यात लिहायचा, ते आता नव्याने ठरवायचं आहे, आणि त्यासाठी पुन्हा एकदा कुणाला तरी पॉरपॉईजच्या कानापासून सुरुवात करावी लागेल.